स्लॅब सेरिफ: जाड पायांचा फाँट निवडावा कसा, बसवावा कसा

इंग्रजी अक्षराच्या उभ्या दांडीच्या टोकाला जो लहानसा आडवा पाय असतो, तो सेरिफ. टाइम्स न्यू रोमनमध्ये हा पाय निमुळता असतो, टोकाला जवळजवळ धार येते. स्लॅब सेरिफमध्ये तोच पाय पाटासारखा असतो: जाड, सपाट आणि टोकाला सरळ कापलेला. होंडाच्या गाड्यांवरची इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर आणा. आयबीएमचा लोगोही याच घराण्यातला. गेओर्ग ट्रंप यांच्या 1930 च्या ‘सिटी’ या फाँटच्या वळणावर तो डिझायनर पॉल रँड यांनी 1956 मध्ये बांधला आणि 1972 मध्ये त्याला आठ पट्ट्यांचं रूप दिलं.

या फाँटशी काम करताना बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात. आपण उभ्या दांडीची जाडी बघून फाँट निवडतो, तिच्यावरूनच अक्षरांमधलं अंतर लावतो आणि शेजारची देवनागरीही तिच्याशीच जुळवतो. स्लॅबमध्ये मात्र सगळं वजन आडव्या रेषेत असतं. म्हणून नजर तिच्यावर ठेवायची. मराठी वाचणाऱ्याला हे अवघड जाऊ नये, कारण आपली अख्खी लिपी एका आडव्या रेषेला टांगलेली आहे.

आधी पाय ओळखा

फाँटच्या यादीत ‘स्लॅब’ या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या स्वभावांची अक्षरं असतात. ती वेगळी करण्याची सोपी रीत अशी: कॅपिटल आय 200 पॉइंटवर टाइप करा, कोरल ड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये त्याचं कर्व्ह करा, म्हणजे अक्षराचा नुसता आकार उरेल, आणि दोन मापं घ्या. एक उभ्या दांडीची जाडी, दुसरं पायाच्या पट्टीची जाडी. पट्टीच्या मापाला दांडीच्या मापाने भागा.

उत्तर एकाच्या आसपास आलं आणि पाय दांडीला काटकोनात, मध्ये गोलाई न ठेवता जोडलेला असेल, तर तो भौमितिक स्लॅब. रॉकवेल हा त्याचा नमुना. मोनोटाइपने तो 1934 मध्ये काढला. त्याचा कॅपिटल ओ जवळपास कंपासने काढल्यासारखा गोल आहे आणि कॅपिटल ए (A) च्या शेंड्यावरसुद्धा आडवी पट्टी बसवलेली आहे. ती पट्टी दिसली की रॉकवेल लांबून ओळखता येतो. त्याच्या आधी 1929 मध्ये जर्मनीच्या स्टेंपेल फाउंड्रीतून, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे खिळे पाडणाऱ्या कारखान्यातून, रुडॉल्फ वोल्फ यांचा मेंफिस आला होता. मेंफिस, कैरो अशी नावं ठेवण्याची चाल जुनी आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या फाउंड्र्यांनी या नव्या ढंगाच्या जाड खिळ्यांना ‘इजिप्शियन’ म्हणायला सुरुवात केली. पिरॅमिडवरच्या लिपीशी या अक्षरांचं काही नातं नाही.

भागाकार एकापेक्षा स्पष्टपणे कमी आला आणि पाय दांडीला मिळतो तिथे आतून गोलाई असेल, तर तो क्लॅरेंडन घराण्यातला. मूळ क्लॅरेंडन 1845 मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्ली यांनी बाजारात आणला. त्याचे ठसे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. शब्दकोशातला मुख्य शब्द बाकीच्या मजकुरातून उठून दिसावा, पण ओळ मात्र बिघडू नये, हे त्याचं मूळ काम. बेस्ली यांनी तो कायद्याखाली नोंदवला, तीन वर्षांचं संरक्षण मिळालं आणि ती मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला काढल्या. क्लॅरेंडनमध्ये जाड-बारीक फरक थोडा शिल्लक असतो. स्मॉल ए, सी, आर यांच्या टोकांना थेंबासारखा गोळा येतो आणि कॅपिटल आरचा पाय शेवटी वर वळतो. त्यामुळे रॉकवेलच्या मानाने हा मऊ वाटतो आणि मजकुरात जास्त वेळ वाचता येतो.

भागाकार एकाच्या वर गेला, म्हणजे पाय दांडीपेक्षाही जाड निघाला, तर तो फ्रेंच क्लॅरेंडन. अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकाच्या लाकडी ठशांच्या जाहिरातींवरची, ‘पकडून देणाऱ्यास बक्षीस’ छापाची अक्षरं ती हीच. तीन-चार शब्दांपुढे ती वापरू नयेत. आडव्या पट्ट्या एकमेकींशी इतक्या भांडतात की दुसऱ्या ओळीत शब्दाचा आकारच हरवतो.

टाइपरायटरचे फाँट हे चौथं कूळ. इथे जाड पाय यंत्राच्या गरजेतून आला. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते, मग स्मॉल आयसारख्या काडीएवढ्या अक्षराभोवती पोकळी उरते. ती भरायला त्याला लांब आडवे पाय दिले. 1950 च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमसाठी काढलेला कुरिअर बघा: आयचा पाय जवळजवळ एमइतका पसरलेला आहे. 12 पॉइंटचा कुरिअर एका इंचात बरोबर दहा अक्षरं बसवतो. पटकथेच्या एका पानाला पडद्यावर साधारण एक मिनिट, हा चित्रपट क्षेत्रातला हिशेब या ठरलेल्या रुंदीवरच उभा आहे. मराठी संहिता देवनागरीत टाइप केली की तो हिशेब चालत नाही, कारण देवनागरी फाँटमध्ये अक्षरांची रुंदी सारखी नसते.

कामाप्रमाणे निवड

दुकानाची पाटी, मुखपृष्ठावरचं नाव, पोस्टरचा मथळा, खोक्यावरचा मजकूर, जर्सीवरचा नंबर अशा कामांना भौमितिक स्लॅब. रॉकवेल मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येतो, त्यामुळे तो बहुतेकांच्या संगणकात आधीच असतो. मोफत हवा असेल तर रॉबोटो स्लॅब, रॉकिट किंवा अर्वो घ्या. एकदम भारी मथळ्यासाठी अल्फा स्लॅब वन आहे, पण त्याचं एकच वजन मिळतं आणि ते फार जड आहे.

सलग वाचायच्या मजकुराला रॉकवेल लावू नका. गोल ओ, रुंद सी आणि त्याशेजारी अरुंद आर, टी यांमुळे ओळीची लय सारखी तुटते आणि पंधरा-वीस ओळींत डोळा थकतो. मजकुरासाठी बिटर किंवा झिला स्लॅब घ्या. झिला स्लॅब 2017 मध्ये टायपोथेक या फाँट कंपनीने फायरफॉक्सवाल्या मोझिलासाठी केला, तो मोफत आहे आणि त्याला खरं इटॅलिक आहे. विकत घ्यायची तयारी असेल तर पीटर मॅथियास नॉर्डझाय यांचा पीएमएन सेसिलिया अजूनही उत्तम. ॲमेझॉनने सुरुवातीच्या किंडलवर, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावर, तोच बसवला होता. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या काळच्या ई-इंक पडद्याची बारकाई इतकी कमी होती की टाइम्ससारख्या फाँटच्या केसाएवढ्या रेषा तिथे तुटक दिसल्या असत्या. सेसिलियात केसाएवढी रेषाच नाही.

वर्तमानपत्रांनी हाच धडा फार आधी घेतला होता. रोटरी छपाईत स्वस्त कागद शाई पितो, शाई पसरते, बारीक रेषा तुटतात आणि ई, ए यांची पोकळी भरून जाते. 1925 मध्ये लायनोटाइपने काढलेला आयोनिक नंबर 5 हा क्लॅरेंडनच्याच वळणाचा होता: पाय दणकट, पोकळ्या मोठ्या, जाड-बारीक फरक थोडा. आजही दिवाळी अंकाच्या आतल्या न्यूजप्रिंटच्या पानांवर इंग्रजी मजकूर किंवा आकडे बारीक द्यायचे असतील, तर याच गुणांचा फाँट शोधा.

निवड पक्की करण्याआधी इटॅलिक तपासा. रॉबोटो स्लॅबला इटॅलिक नाही. तुम्ही बटण दाबलंत तर संगणक अक्षर नुसतं तिरकं ढकलतो. पाटासारखा पाय तिरका झाला की अक्षर कलंडल्यासारखं दिसतं, साध्या सेरिफपेक्षा फार वाईट. बोल्डचंही तसंच. रॉकवेल एक्स्ट्रा बोल्ड निवडून वर वर्डमधलं बोल्डचं बटण दाबलं की अक्षराच्या कडा फुगतात आणि पोकळ्या बुजतात. वजन नेहमी फाँटच्या यादीतून निवडा, बटणाने कधीच नाही.

एक पाटी जवळून

समजा पाटीवर वर देवनागरीत ‘विठ्ठल’ आणि खाली तेच नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये, रॉकवेल बोल्डात बसवायचं आहे. इंग्रजी अक्षरं सात: व्ही, आय, टी, टी, एच, ए, एल. स्लॅबची सगळी अडचण या एका नावात दिसते.

पहिल्या चार जोड्या डोक्याशी अडतात. व्हीच्या वरच्या पट्टीला आयची वरची पट्टी भिडते, आयला टीचा हात, एका टीला दुसऱ्या टीचा हात आणि दुसऱ्या टीला एचची पट्टी. शेवटच्या दोन जोड्या पायाशी अडतात: एच आणि ए, मग ए आणि एल. म्हणजे नावाच्या पहिल्या भागात वर गर्दी आणि खाली पोकळी, शेवटच्या भागात खाली गर्दी. ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमध्ये सरसकट वाढवलेलं अंतर, शून्यावर ठेवलं तर लांबून वरची रेष जवळजवळ सलग दिसते आणि शब्द एका बाजूने शिवल्यासारखा होतो.

आता क्रमाने करा. कर्निंग, म्हणजे अक्षरांच्या एकेका जोडीतलं अंतर, ‘मेट्रिक्स’वर ठेवा, म्हणजे फाँट करणाऱ्याने प्रत्येक जोडीला दिलेलं अंतर लागू होईल. मग सगळ्या शब्दाला 20 ट्रॅकिंग द्या. हे माप अक्षराच्या आकाराच्या हजाराव्या भागात असतं, म्हणून 300 पॉइंटच्या अक्षराला 20 म्हणजे 6 पॉइंट, साधारण 2 मिलिमीटर. आता दोन टींकडे बघा. त्यांचे हात वर अडलेले आहेत आणि दांड्या दूर आहेत, म्हणून मधली पोकळी शब्दात सगळ्यात मोठी दिसते. ती कमी करावीशी वाटते, पण हात आधीच भिडत आलेत, जागाच नाही. तेव्हा हीच जोडी माप मानायची. दोन हातांमध्ये पट्टीच्या जाडीच्या निम्मी फट ठेवा आणि बाकीच्या जोड्या हळूहळू मोकळ्या करत या पोकळीच्या जवळ आणा. बहुतेक जण उलट करतात, दाट जोडीला माप मानतात आणि मग टी-टी फाटलेले दिसतात.

दुसरा मार्ग आणखी देखणा आहे. दोन टींचे हात मुद्दाम जोडून एक सलग पट्टी करा, अगदी शिरोरेषेसारखी. कर्व्ह करून दोन आकार वेल्ड केले, म्हणजे जोडून एक केले, की झालं. मग मधली पोकळी चुकल्यासारखी न दिसता ठरवून केल्यासारखी दिसते आणि वरच्या देवनागरी ओळीशी तिचं नातं जुळतं. मात्र मधे दोन्ही हातांच्या टोकांना खाली उतरणारे जे तुकडे असतात, ते काढून टाकायला विसरू नका. ते राहिले तर मध्येच एक दात लोंबतो.

शेजारी देवनागरी

इंग्रजी स्लॅब देवनागरीशेजारी इतर अनेक फाँटपेक्षा चांगला बसतो, कारण शिरोरेषा आणि स्लॅबचा पाय या दोन्ही सारख्या जाडीच्या, सपाट, आडव्या पट्ट्या आहेत. पण ते आपोआप जुळत नाही, तीन मापं जुळवावी लागतात.

पहिलं माप उंचीचं. देवनागरीतला ‘क’ आणि इंग्रजीतले कॅपिटल एच व स्मॉल एक्स एका ओळीत ठेवा. शिरोरेषेच्या वरच्या कडेला एक गाइड ओढा. ती एक्सच्या डोक्याच्या वर आणि एचच्या डोक्याच्या खाली पडली तर दोन्ही लिप्या एकाच आकाराच्या वाटतात. ती एक्सच्या डोक्यालाच टेकली असेल तर देवनागरी लहान दिसणार, दोन-दोन टक्क्यांनी तिचा आकार वाढवत जा. पॉइंटचा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवायचा आग्रह सोडून द्या. वेगवेगळ्या फाँटमध्ये त्या आकड्याला सारखा अर्थ नसतो.

दुसरं माप जाडीचं. शिरोरेषेची जाडी स्लॅबच्या पायाच्या जाडीशी ताडून बघा, आणि कान्याची जाडी इंग्रजी दांडीशी. भौमितिक स्लॅबशेजारी एकसारख्या जाडीची देवनागरी हवी. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा मोफत फाँट सात वजनांत मिळतो, त्यामुळे जवळचं वजन सापडतंच. रॉबोटो स्लॅबशेजारी यंत्रमानव घ्या. एरिन मॅकलॉफलिन यांनी तो रॉबोटोशी जुळवण्यासाठीच काढला आणि नावही तसंच ठेवलं. अल्फा स्लॅबसारख्या जडाशेजारी नोटो सान्स देवनागरीचं ब्लॅक वजन चालतं. क्लॅरेंडनच्या कुळाशेजारी मात्र जाड-बारीक फरक असलेली देवनागरी शोभते, उदाहरणार्थ नोटो सेरिफ देवनागरी. दोन फाँट जुळवायचा खटाटोपच नको असेल तर वैभव सिंग यांचा एक्झार बघा. तो काटेकोर अर्थाने स्लॅब नाही, पण पाय दणकट आहेत आणि दोन्ही लिप्या एकाच हाताच्या आहेत.

जाडी जुळवताना देवनागरी किंचित हलकी ठेवा. इंग्रजी कॅपिटलमध्ये फार तर ई, बी किंवा आर एवढीच गुंतागुंत असते. देवनागरीत ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘क्ष’ येतात आणि जड वजनात त्यांच्या पोकळ्या बुजतात. मजकुरातलं सगळ्यात गुंतागुंतीचं जोडाक्षर शोधा आणि ते ज्या वजनात मोकळं दिसतं तेच वजन सगळीकडे लावा. आपल्या पाटीवर ‘ठ्ठ’ आहे. काही फाँट ते एकाखाली एक रचतात, काही पहिल्या ठला हलंत देऊन शेजारी ठेवतात. एकाखाली एक रचलं तर खालचा ठ इंग्रजी ओळीच्या डोक्यावर येतो. म्हणून दोन ओळींमधलं अंतर ठरवताना शिरोरेषेपासून न मोजता त्या खालच्या ठच्या तळापासून मोजा.

तिसरं माप अंतराचं, आणि इथे सर्वांत जास्त पाट्या बिघडतात. इंग्रजी कॅपिटलला दिलेलं 20 किंवा 50 ट्रॅकिंग दोन्ही ओळी एकत्र निवडून लावलं की देवनागरीची शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते. देवनागरीचं ट्रॅकिंग शून्यच ठेवा. शब्द रुंद करायचा असेल तर आकार वाढवा किंवा रुंद फाँट घ्या, अक्षरं ओढू नका. इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला आहे ना, तेही बघून घ्या. तो नसेल तर वेलांट्या आणि रफार जागा सोडतात.

वर्डमध्ये मराठी मजकुराला रॉकवेल लावला तर काहीच बदललेलं दिसत नाही आणि फाँट बिघडलाय असं वाटतं. रॉकवेलमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. वर्ड देवनागरीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या वेगळ्या चौकटीतला फाँट वापरतो आणि तो फाँटच्या मोठ्या डायलॉगमधूनच बदलतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मजकुराला चुकून रॉकवेल लावला तर मात्र इंग्रजी चिन्हांचा गोंधळ होतो. मूळ फाँट परत लावला की मजकूर जसाच्या तसा येतो, घाबरून पुन्हा टाइप करू नका.

वेबसाइटवर

पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या फाँट-फॅमिलीत आधी स्लॅब आणि मग देवनागरी फाँट लिहिला की ब्राउझर इंग्रजी अक्षरं पहिल्यातून आणि मराठी दुसऱ्यातून उचलतो. इथवर सगळं ठीक. पण पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं आणि शब्दांमधली रिकामी जागासुद्धा तो पहिल्याच फाँटमधून घेतो. मग सगळ्या मराठी परिच्छेदात स्लॅबचे जड ठिपके पडतात आणि शब्दांमधलं अंतर देवनागरीच्या मापाचं राहत नाही. उपाय दोन आहेत. मुख्यतः मराठी असलेल्या मजकुराला स्लॅब लावताना त्याच्या युनिकोड-रेंजमध्ये, म्हणजे त्या फाँटमधून कोणती अक्षरं घ्यायची त्या यादीत, फक्त इंग्रजी कॅपिटल, स्मॉल आणि इंग्रजी आकडे एवढेच ठेवा. किंवा स्लॅब फक्त इंग्रजी शब्दांभोवतीच्या स्पॅन टॅगला लावा. आकार जुळवायला फाँट-फेसमधलं साइज-ॲडजस्ट वापरा. मगाशी गाइड ओढून जे टक्के काढले, तेच तिथे लिहायचे.

मथळ्याच्या टॅगला ब्राउझर स्वतःहून बोल्ड लावतो. अल्फा स्लॅबला एकच वजन आहे, त्यामुळे तिथे खोटा बोल्ड तयार होतो. त्या मथळ्याचं फाँट-वेट नॉर्मल करा, लगेच फरक दिसेल. ओळीची उंची इंग्रजी स्लॅबला 1.4 ते 1.5 पुरते, देवनागरीला 1.6 ते 1.7 लागते. दोन्ही एकत्र असतील तर देवनागरीचं माप घ्या.

छापताना, कापताना

पांढऱ्यावर काळं आणि काळ्यावर पांढरं यांना एकच वजन लावू नका. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर फुगलेलं दिसतं, म्हणून तिथे एक पायरी हलकं वजन घ्या. पाटीत आतून दिवे लागणार असतील तर आणखी एक पायरी खाली उतरा. उजेड पसरून ई आणि एच्या पोकळ्या सगळ्यात आधी गिळतो. ऑफसेटमध्ये बारीक पांढरी अक्षरं सोडायची असतील तर पार्श्वभूमी एकाच शाईची ठेवा. चार रंगांच्या काळ्यातून 7 पॉइंटचं अक्षर सोडलं आणि एक प्लेट केसभर सरकली की पाय रंगीत होतात. तरीही अशा कामाला स्लॅबच सुरक्षित. बारीक रेषांचा फाँट तिथे टिकतच नाही.

कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करताना सगळ्यात बारीक रेषा निदान अर्धा मिलिमीटर हवी, उलट, म्हणजे रंगात रेष मोकळी सोडून, छापायची असेल तर त्याहून जाड. रेडियमवर कापताना मिलिमीटरभरापेक्षा बारीक पट्टी सोलताना ओढली जाते आणि तुटते. स्लॅबचा फायदा असा की पायाशी चिकटायला जास्त जागा मिळते. त्याचा तोटा म्हणजे त्याच पायाचे काटकोनी कोपरे. रेडियम उचकटायला लागतं ते नेहमी कोपऱ्यातून. गाडीवर किंवा शटरवर लावायचं असेल तर कोपऱ्यांना पाव मिलिमीटरची गोलाई द्या. डोळ्याला ती दिसत नाही, पण पावसाळ्यात स्टिकर टिकतो.

पाटीचं माप काढायला जुना आडाखा आहे: दर 3 मीटर अंतराला 25 मिलिमीटर उंचीचं अक्षर. 18 मीटरवरून आरामात वाचायचं असेल तर 150 मिलिमीटर. एक्स्ट्रा बोल्ड वापरणार असाल तर थोडी उंची वाढवा, कारण पोकळ्या लहान असतात आणि अंतरावरून त्या आधी बुजतात. हे माप इंग्रजी कॅपिटलचं आहे. देवनागरीत ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरा. मात्रा आणि उकार त्यात मोजले तर मूळ अक्षर लहान राहतं.

लग्नपत्रिका, कवितासंग्रहाची आतली पानं, बारीक तळटिपा, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना या ठिकाणी जड स्लॅब नको. पत्रिकेत तो हुकूम सोडल्यासारखा वाटतो. तळटिपांत त्याचे पाय एकमेकांत अडकून ओळ काळी पडते. बारीक अक्षरासाठी स्लॅबच हवा असेल तर लाइट किंवा रेग्युलर वजन घ्या आणि ट्रॅकिंग 5 ते 10 ने वाढवा.

काम छपाईला देण्याआधी एक प्रत खऱ्या मापात काढा. पाटी मोठी असेल तर तिचा फक्त एक शब्द ए-फोर कागदांवर तुकड्यांत छापून भिंतीवर चिकटवा. कागद वरचं खाली करून उलटा लावा, म्हणजे शब्द वाचता येणार नाही आणि डोळ्याला फक्त काळं-पांढरं दिसेल. जिथे आडव्या पट्ट्या मिळून एक काळा डाग होतो, ती जोडी अजून आवळलेली आहे. मग सरळ करून ठरलेल्या अंतरावर उभे राहा आणि डोळे बारीक करून कॅपिटल ईच्या मधल्या दोन फटी शोधा. त्या दिसल्या तर फाइल पाठवा. दिसल्या नाहीत तर एक वजन खाली उतरून पुन्हा छापा.